द्राक्षांची परदेश-रवानगी : सातबाऱ्यापासून जहाजपावतीपर्यंत

संघाच्या गेल्या वार्षिक सभेच्या वेळीं कांहीं सभासद बंधूंनीं आम्हांस असा प्रश्न विचारला कीं, आपला द्राक्षांचा माल परदेशीं पाठवावयाचा झाल्यास तयारी कोठून सुरू करावी ? विचारणाऱ्यांपैकीं बहुतेकांची समजूत अशी दिसली कीं, मणी फुगला, घड दिसावयास सुरेख झाला, आणि एखादा निर्यातदार बांधावर येऊन उभा राहिला म्हणजे तयारी झाली. वस्तुतः निर्यातदार बांधावर येतो त्या दिवशीं तयारीची वेळ निघून गेलेली असते. आमचें आयुष्य महसूल खात्यांत नोंदी करण्यांत व नोंदी तपासण्यांत गेलें. व्यापाराचें शिक्षण आम्हांस नाहीं. तथापि आमच्या घरीं थॉम्सन सीडलेस द्राक्षांची दोन एकर बाग आहे. ती आमचे धाकटे बंधु पाहतात. तिच्या पायीं ह्या धंद्याचे जे कागद आमच्या हाताखालून गेले, आणि जे जावयास हवे असतां गेले नाहींत, त्यांच्या आधारानें चार गोष्टी लिहिण्याचें धाडस करीत आहों.

परदेशचा व्यापार आपल्या मुलखास नवा नाहीं. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, तेव्हां लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापूस मुंबईहून चढ्या भावानें लिव्हरपूलला गेला. युद्ध थांबतांच भाव कोसळला आणि मुंबईंत पेढ्यांवर पेढ्या बुडाल्या. त्या काळीं शेतकऱ्याचा कापूस एकदां व्यापाऱ्याच्या गाडींत पडला म्हणजे तो कोणाच्या शेतांतला, हें पुढें कोणी विचारीत नसे. आज द्राक्षांची गोष्ट नेमकी उलट आहे. रॉटरडॅमला उघडलेल्या पेटीवरील चिठ्ठीवरून ती पेटी कोणत्या बागेंतून निघाली याचा माग थेट आपल्या गटापर्यंत लागतो. ही एक गोष्ट मनांत नीट बसली म्हणजे पुढील तयारी कशासाठीं, तें वेगळें सांगावें लागत नाहीं.

कृषिमालाच्या निर्यातीच्या वाढीसाठीं १९८५ च्या कायद्यानें स्थापन झालेली जी केंद्रीय संस्था 'अपेडा' ह्या संक्षिप्त नांवानें सर्वांस परिचित आहे, तिनें २००६ सालीं 'ग्रेपनेट' नांवाची संगणकावरील नोंदपद्धति सुरू केली. युरोपीय संघाच्या देशांस ज्या बागेंतलीं द्राक्षें जावयाचीं, ती प्रत्येक बाग तींत नोंदलेली असावी लागते. नोंदणी कृषि खात्यामार्फत होते आणि प्रत्येक हंगामास तिच्याकडे नव्यानें लक्ष द्यावें लागतें. बागेस एक क्रमांक मिळतो. पुढें प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउसमधील लॉट, पेटीवरील चिठ्ठी, पॅलेट आणि कंटेनर हीं सर्व त्या क्रमांकास एकाखालीं एक बांधलीं जातात. फेरफाराच्या नोंदी जशा एकीवर एक चढत जातात, आणि कोणतीही एक उघडून उलट चालत मूळ गटाशीं येतां येतें, तसाच हा प्रकार होय.

अर्जास सातबारा लागतो, आणि पहिली ठेंच येथेंच लागते. बाग मुलगा करतो, उतारा मात्र दिवंगत वडिलांच्या नांवें. चुलत्यांचें आणि आपलें क्षेत्र तोंडी वाटून घेतलेलें, कागदावर मात्र एकत्र. आणि पीकपाहणींत द्राक्षाच्या जागीं भलतेंच पीक किंवा पडीत. आमच्या नोकरीच्या काळांत असे अर्जदार थंडीच्या दिवसांत तलाठ्याच्या दारीं रांग लावून उभे राहिलेले आम्हीं पाहिले आहेत. वारसाची नोंद घ्यावयाची तर नोटिशीचे पंधरा दिवस जावेच लागतात. कोणी हरकत घेतली तर महिनेही जातात, आणि द्राक्ष कांहीं त्यासाठीं थांबत नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली व पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवरून करावयाची ठरली. तेव्हां 'तलाठ्यानें चुकीचें लिहिलें' ही आपली जुनी, आणि पुष्कळदां खरीही, तक्रार आतां पूर्वींसारखी चालावयाची नाहीं. (आम्ही त्याच खात्यांतले असल्यामुळें ही कबुली आम्हीं दिलेली बरी.) एप्रिलांत खरड छाटणी उरकली कीं त्याच आठवड्यांत उतारा काढावा आणि तो वाचावा. काढणारे पुष्कळ भेटतात, वाचणारे थोडे. ज्यांच्या एका गटांत दोन भाऊ दोन तऱ्हेनें फवारणी करतात त्यांनीं तर हद्द कागदावर आणि बांधावर दोन्हीकडे स्पष्ट करून घ्यावी. कारण शेजारच्या पंपाचा फवारा वाऱ्याबरोबर येतो, तो कोणाच्या नांवचा हें प्रयोगशाळा विचारीत नाहीं.

यापुढची नोंद सरकारी नव्हे, घरची आहे, आणि आमच्या मतें तीच सर्वांत मोलाची. कोणत्या तारखेस, कोणतें औषध, किती प्रमाणांत, कोणत्या रोगासाठीं मारलें, मारणारा कोण होता, हें लिहिण्याची ती वही. युरोपांतील मोठ्या दुकानदारांनीं एकत्र येऊन १९९७ सालीं 'युरेपगॅप' नांवाची नियमावली सुरू केली. २००७ पासून तिचें नांव 'ग्लोबलगॅप' झालें. हा कायदा नव्हे, गिऱ्हाइकाची अट आहे. परंतु दंड भरून सुटतां येईल अशी ही अट नव्हे, तिच्यावांचून मालच घेतला जात नाहीं. त्या प्रमाणपत्रासाठीं तपासनीस येतो तो प्रथम फवारणीची वही मागतो. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंतच्या साऱ्या नोंदी एकाच पेनानें, एकाच हातानें, एकाच तिरकसपणानें लिहिलेल्या, अशा वह्या आम्हीं पाहिल्या आहेत. पानावर ना औषधाचा डाग, ना मातीचें बोट. तीस वर्षें दप्तर हाताळलेल्या माणसास एका बैठकींत भरलेली वही ओळखावयास चष्माही लागत नाहीं. एका वहींत तर ज्या दिवशीं गांवांत दिवसभर पाऊस कोसळत होता त्याच दिवशीं दोन वेळां फवारणी दाखविलेली होती ! खरी वही मळकी असते. तिच्यांत खाडाखोड असते, मध्येंच शाई बदललेली असते, आणि एखाद्या नोंदीपुढें 'पंप बिघडला, अर्धीच बाग झाली' असें लिहिलेलें असतें.

ह्या वहीवर आमचा एवढा कटाक्ष कां, तें एका त्रैराशिकावरून कळेल. युरोपीय संघाच्या २००५ सालच्या ३९६ क्रमांकाच्या नियमाप्रमाणें, ज्या औषधास स्वतंत्र मर्यादा ठरवून दिलेली नाहीं, त्याचा अंश एक किलो मालांत ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक चालत नाहीं. म्हणजे शंभर टन द्राक्षांमागें एक ग्रॅम. चाळीस फुटी शीतकंटेनरांत साधारण बारा-तेरा टन द्राक्षें मावतात. तेव्हां सबंध कंटेनरास मिळून एक ग्रॅमचा सुमारें आठवा हिस्सा झाला. इतका अंश डोळ्यांस दिसत नाहीं, जिभेस कळत नाहीं, पाण्यानें धुऊन जाईल असाही भरवसा नाहीं. तो टाळण्याचा मार्ग एकच : काय मारावयाचें, आणि काढणीपूर्वीं किती दिवस थांबावयाचें, हें आधीं ठरवून त्याप्रमाणें वागणें. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ह्यासाठीं औषधांची यादी प्रसिद्ध करतें. तींत औषधाचें प्रमाण आणि काढणीपूर्वींचे वर्ज्य दिवस दिलेले असतात.

परंतु यादी पाळूनही घात होऊं शकतो, आणि तो एकदां झालेला आहे. क्लोरमेक्वाट क्लोराइड हें कीड मारण्याचें औषध नव्हे. वेलीची अवास्तव वाढ आवरून काडींत घड धरण्यास मदत व्हावी म्हणून छाटणीनंतर तें देण्याचा आपल्याकडे सर्रास प्रघात होता, आणि त्यांत कांहीं गैर आहे असें कोणास वाटत नसे. २०१० च्या हंगामांत नेदरलँड्स व जर्मनी ह्या देशांत आपल्या द्राक्षांची तपासणी झाली, तेव्हां ह्या पदार्थाचा अंश तेथील मर्यादेपेक्षां, म्हणजे किलोस ०.०५ मिलिग्रॅमपेक्षां, अधिक आढळला. आपल्याकडील प्रयोगशाळांनीं तो माल तपासून पुढें सोडलेला होता. परंतु जे पदार्थ तपासावयाचे त्यांच्या यादींत हा पदार्थच नव्हता. दाखले खरे आणि माल बाद, असा विलक्षण प्रसंग उभा राहिला. कंटेनर बंदरांत अडकून पडले, भाव गडगडला, आणि ज्या बागाईतदारांनीं एकही नियम जाणूनबुजून मोडला नव्हता त्यांचे पैसे बुडाले. त्यानंतर हा पदार्थ तपासणींत घेण्यांत आला. तरी धडा एवढ्यावर संपत नाहीं, कारण मर्यादा स्थिर नसतात. क्लोरपायरिफॉस हें आपल्या घरोघरचें औषध. युरोपानें २०२० च्या जानेवारींत त्याची परवानगी संपविली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून त्याची मर्यादा ०.०१ वर आणली. गतवर्षींची यादी घेऊन चालू वर्षाची फवारणी करणारा मनुष्य जुन्या पंचांगावरून मुहूर्त काढणाराच समजावा.

काढणीच्या संबंधानें बागाईतदारांस आम्हीं शिकवावें असें थोडेंच आहे. तरी दोन गोष्टी राहून जातात. आंबा किंवा केळें तोडल्यावर पिकतें, द्राक्ष पिकत नाहीं. वेलीवरून उतरलें त्या क्षणीं तिच्यांत जितकी साखर असेल तितकीच शेवटपर्यंत राहणार. घाईनें तोडलेलें आंबट द्राक्ष महिनाभराच्या प्रवासांत गोड होईल ही आशा व्यर्थ होय. दुसरी गोष्ट थंडीची. माल सकाळच्या गारव्यांत तोडून, सावलींत ठेवून, होतां होईल तों सहा तासांच्या आंत प्रीकूलिंगच्या खोलींत पोंचला पाहिजे. पुढील सारा प्रवास शून्य अंशाच्या आसपास आणि हवेंत शेंकडा ९० ते ९५ आर्द्रता राखून व्हावयाचा असतो. पुष्कळांस वाटतें कीं कंटेनरांत यंत्र आहे तेव्हां माल तेथें थंड होईलच. शीतकंटेनर थंड माल थंड ठेवतो. गरम माल थंड करण्याचें काम त्याचें नव्हे. पेटींत गंधकाचा वायु सोडणारा जो कागद ठेवतात तो बुरशीपासून मालाचें रक्षण करतो. परंतु मणी ओले असतील तर वायु एकदम सुटून त्यांवर पांढरे डाग पडतात. देठ सुकला तर मणी कितीही रसदार असोत, तिकडील गिऱ्हाईक माल शिळा समजतें. बांधावर दुपारच्या उन्हांत क्रेट दोन तास पडून राहिले, त्याचा हिशेब रॉटरडॅमला देठ पाहून होतो.

आतां जहाजाच्या कागदांकडे वळूं. माल निर्यातदारास विकला तर हे कागद त्याचे; गटानें स्वतः पाठवावयाचा तर आपले. प्रथम आयात-निर्यात क्रमांक हवा. तो परदेश व्यापार महासंचालनालय देतें, आणि २०१७ पासून आपला पॅन क्रमांक हाच तो क्रमांक असतो. त्याखालोखाल अपेडाचें नोंदणीपत्र, आणि ज्या बँकेंत परदेशचे पैसे यावयाचे त्या बँकेची बंदरावरील जकातखात्याकडे नोंद. हे कागद एकदां करून ठेवावयाचे. प्रत्येक खेपेस मात्र बीजक, पेट्यांची यादी, प्रतवारीचा ॲगमार्क दाखला, वनस्पतिआरोग्याचा दाखला, १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणें भरावयाचें शिपिंग बिल, आणि शेवटीं जहाजपावती, असा संच तयार व्हावा लागतो. त्या सर्वांत मालाचें नांव, वजन, पेट्यांची संख्या, घेणाऱ्याचें नांव व पत्ता हीं अक्षरशः एकसारखीं पाहिजेत. कारकुनाच्या ह्या काटेकोरपणास लोक हंसतात. पण बीजकांत एक स्पेलिंग आणि पावतींत दुसरें, एवढ्यावरून बँक पैसे अडवूं शकते, कारण बँक पेटी उघडून पाहत नाहीं, कागदच पाहते. आणखी एक बारीक गोष्ट. ज्या लांकडी पॅलेटवर पेट्या रचतात तें लांकूड ५६ अंशांवर अर्धा तास तापवून त्यावर ठराविक शिक्का मारलेला असावा लागतो; लांकडांतील किडा परदेशीं जाऊं नये म्हणून हा नियम आहे. द्राक्षें निर्दोष आणि अडकलीं लांकडापायीं, असें होऊं नये.

जहाजपावतीविषयीं थोडें अधिक लिहितों, कारण ती काय वस्तु आहे हें आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक आहे. आपण सातबाऱ्यास मालकीचा कागद समजतों. तो तसा नाहीं. विरुद्ध गोष्ट सिद्ध होईपर्यंत त्यांतील नोंद खरी धरावी, एवढेंच त्याचें बळ. जहाजपावती त्याहून पुष्कळ वजनदार आहे. 'ऑर्डर' पद्धतीची मूळ जहाजपावती, योग्य शेरा असून, ज्याच्या हातीं, त्यास माल सोडवून घेण्याचा हक्क. जहाज समुद्रांत असतांनाच पाठीवर शेरा मारून ती दुसऱ्यास देतां येते. म्हणजे माल पाण्यावरून जात असतो आणि मालकी टपालानें फिरत असते. म्हणून पैसे हातीं आल्याशिवाय, किंवा बँकेमार्फत त्यांची पक्की व्यवस्था झाल्याशिवाय, मूळ पावती पलीकडे जाऊं देऊं नये. माल नाशवंत आहे असें म्हणून पलीकडचा मनुष्य मूळ पावती न दाखवितां माल सुटावा अशी सवलत मागतो. जुन्या, पारखलेल्या गिऱ्हाइकास ती देतात. नव्यास देणें म्हणजे खरेदीखत करून, ताबाही देऊन, पैशाची वाट पाहत ओट्यावर बसण्यासारखें आहे.

भावाच्या बोलींतही असाच घोटाळा होतो. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळानें १९३६ सालीं ह्या बोलींचे अर्थ प्रथम ठरवून दिले. सध्यांची आवृत्ति २०२० ची आहे. 'एफ.ओ.बी.' म्हणजे माल बंदरांत जहाजावर चढेपर्यंतचा खर्च व धोका विकणाऱ्याचा. 'सी.आय.एफ.' म्हणजे पुढील जहाजभाडें आणि विमाही विकणाऱ्यानें भरावयाचा. परंतु धोका मात्र न्हावाशेव्यास माल जहाजावर चढतांच घेणाऱ्याकडे जातो. भाडें आपण भरलें म्हणून वाटेंतलें नुकसानही आपलेंच, असें विकणारा भोळेपणानें मान्य करून बसतो तें बरोबर नव्हे. पण ह्या दोन्ही बोली खऱ्या विक्रीच्या झाल्या. द्राक्षांच्या धंद्यांत पुष्कळसा माल मुळीं विकूनच जात नाहीं. तो आडतीवर जातो. तिकडचा व्यापारी माल ठेवून घेतो, येईल त्या भावानें विकतो, आपलें कमिशन, शीतगृहाचें भाडें, पुन्हां निवडून भरण्याची मजुरी, सर्व कापून उरेल तें पाठवितो. मुंबईच्या आडत्याची पट्टी वाचून ज्यांचे डोळे पांढरे झाले आहेत त्यांनीं, ती पट्टी सहा हजार किलोमीटरांपलीकडून परक्या भाषेंत आली तर काय होईल, याचा विचार करावा.

येथें आमच्या घरची गोष्ट सांगणें भाग आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या बंधूंनीं आपला माल एका निर्यातदारास दिला. मनुष्य बोलण्यांत गोड, गाडी पांढरी, आणि गांवांतील दोघांचे पैसे त्यानें आदल्या वर्षीं चोख दिलेले. भाव तोंडी ठरला. वजनाच्या चिठ्ठ्या मिळाल्या, पहिला हप्ताही मिळाला. महिन्याभरानें त्याचा निरोप आला कीं, तिकडे माल उतरला तेव्हां मणी मऊ पडलेले निघाले, घेणाऱ्यानें भाव कापला, सबब पुढील हप्ता येणार नाहीं. आम्हीं कागद मागितले. घेणाऱ्याची तक्रार कोणत्या तारखेची, पाहणी कोणी केली, कंटेनरांतील उष्णमापकाची नोंद काय म्हणते, त्या कंटेनरांत आमच्याखेरीज आणखी कोणाचा माल होता ? एकाही प्रश्नास कागद नव्हता, आणि मागण्याचा अधिकार सिद्ध करणारा कागद आमच्याजवळही नव्हता. ज्या चिठ्ठ्या होत्या त्यांवर वजन होतें, भाव नव्हता. सही होती, नांव नव्हतें. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज 'कागदपत्र अपुरे' असा शेरा मारून परत करणारे आम्ही, आणि घरच्या मालाचा कागद पाहण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. बंधूंनीं त्या वर्षीं सोसायटीचें कर्ज फेडण्यासाठीं विहिरीजवळचा तुकडा गहाण टाकला. तो सुटावयास चार वर्षें लागलीं. त्या चार वर्षांत त्यांनीं आम्हांस एका शब्दानें बोल लावला नाहीं, हें आम्हांस अधिक लागलें.

त्यानंतर जो करार आम्हीं स्वतः लिहून काढला त्यांतील मुद्दे येथें देतों. भाव बांधावरचा कीं परदेशच्या विक्रीवर अवलंबून, हें पहिल्याच ओळींत असावें. विक्रीवर अवलंबून असेल तर किमान इतका भाव मिळेलच अशी रक्कम आंकड्यांत व अक्षरांत लिहावी. प्रयोगशाळेचा अहवाल पास होऊन माल तोडल्यावर तो बांधावर नाकारतां येणार नाहीं, असें कलम असावें. परदेशीं तक्रार आल्यास ती माल उतरल्यापासून ठराविक दिवसांत, तिऱ्हाईत पाहणी करणाऱ्याच्या अहवालासह व छायाचित्रांसह आली तरच ग्राह्य धरावी, आणि कंटेनरांतील उष्णमापकाच्या नोंदीची प्रत शेतकऱ्यास मिळावी. ती नोंद फार उपयोगाची आहे. माल पॅकहाउसमधून थंड निघाला आणि वाटेंत तापला, कीं मुळांतच गरम भरला होता, हें ती नोंद बोलते, आणि तिला कोणाची भीड नसते. हप्त्यांच्या तारखा लिहाव्या. 'पैसे आल्यावर' ही तारीख नव्हे. करार स्टँप कागदावर असावा, त्यावर निर्यातदाराचा आयात-निर्यात क्रमांक असावा, आणि सही करणारा मनुष्य पेढीचा मालक किंवा अधिकारपत्र असलेला असावा. ह्यावर जो निर्यातदार रागावतो त्याच्याशीं व्यवहार टळला तर नुकसान नाहीं. आमच्या अनुभवानें चांगला व्यापारी रागावत नाहीं. उलट दोन कलमें तोच सुचवितो.

समुद्राचा भरवसा किती धरावा याचा अनुभव अलीकडे दोनदां आला. २०२१ च्या मार्चांत, म्हणजे ऐन द्राक्षांच्या दिवसांत, 'एव्हर गिव्हन' नांवाचें प्रचंड जहाज सुएझच्या कालव्यांत आडवें रुतलें व २३ पासून २९ तारखेपर्यंत तो रस्ता बंद राहिला. २०२३ च्या नोव्हेंबरापासून तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हां मोठ्या कंपन्यांनीं आपलीं जहाजें आफ्रिकेस वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून नेण्यास आरंभ केला. २०२४ च्या हंगामांत त्यामुळें युरोपच्या वाटेस सुमारें दहा ते पंधरा दिवस अधिक लागले आणि भाडेंही चढलें. पंचवीस दिवसांच्या हिशेबानें तोडलेला माल पस्तीस-चाळीस दिवसांनीं उघडला तर देठाची काय दशा होणार, तें बागाईतदारांस सांगावयास नको. अशा वेळीं लोक म्हणतात, विमा आहे. विम्याचा कागद वाचावा. जहाजी मालाच्या नेहमींच्या विमाकलमांत उशिरामुळें झालेलें नुकसान वगळलेलें असतें. उशीर ज्या संकटामुळें झाला तें संकट विम्यांत असलें तरीही. तसेंच १९५७ सालीं सरकारनें स्थापन केलेलें निर्यातीच्या उधारीची हमी घेणारें जें महामंडळ, ज्यास 'ई.सी.जी.सी.' म्हणतात, तें घेणारा बुडाला किंवा त्यानें पैसे थकविले तर भरपाई देतें. पण मालाच्या दर्जाविषयीं तंटा उभा राहिला तर तो तंटा मिटेपर्यंत हात आंखडतें. म्हणजे पुन्हां वही, उष्णमापक आणि करार ह्यांच्याकडेच यावें लागतें. ज्या सालीं समुद्राची वाट लांबलेली असेल त्या सालीं टणक, दणकट देठाचाच माल पाठवावा आणि बाकीचा देशांतल्या बाजारांत किंवा बेदाण्यास घालावा, हा विचार काढणीपूर्वीं करावयाचा. कंटेनर निघाल्यावर नव्हे.

एकट्या दोन-चार एकरवाल्यानें हें सर्व करावें असें आमचें म्हणणें नाहीं. त्यास तें झेपणार नाहीं. कंटेनर भरावयास बारा-तेरा टन एकाच प्रतीचा, एकाच दिवशीं तयार झालेला माल लागतो, आणि तो अनेकांचा मिळूनच होतो. आपल्याकडे १९९१ सालीं निरनिराळ्या जिल्ह्यांतील द्राक्षउत्पादकांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन 'महाग्रेप्स' उभी राहिली ती ह्याच गरजेंतून. पुढें २००२ च्या दुरुस्तीनें कंपनी कायद्यांत उत्पादक कंपनीची सोय झाली. दहा शेतकरी एकत्र आले तरी ती काढतां येते. दिंडोरी तालुक्यांत मोहाडी येथें 'सह्याद्रि'नें ह्याच वाटेनें काय उभें केलें, तें ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांनीं एकदां जाऊन पाहावें, आणि इमारती व यंत्रें पाहून झाल्यावर तेथील लॉटची नोंद कशी ठेवतात हेंही विचारावें. गट केला म्हणजे मात्र एकाची चूक सर्वांस भोवते, हेंही ध्यानांत असूं द्यावें. बारा जणांच्या मालांत एकानें वर्ज्य दिवस न पाळतां फवारणी केली तर कंटेनर बाराही जणांचा अडकतो. म्हणून गटांत घेतांना माणसाची बाग पाहण्यापूर्वीं त्याची वही पाहावी.

आमच्या बंधूंनीं ह्या वर्षीं सात जणांबरोबर असा गट बांधला आहे. सातांपैकीं दोघांचे उतारे अद्याप वडिलांच्या नांवें आहेत आणि एकाची पीकपाहणी चुकलेली आहे. तीं कामें आमच्याकडे सोंपविलीं आहेत. ज्या सभासदांस वर सांगितलेल्या कराराचा मसुदा हवा असेल त्यांनीं संघाच्या कचेरींतून त्याची नक्कल घ्यावी. उतारा किंवा वारसनोंद ह्यांविषयीं कांहीं विचारावयाचें असल्यास बाजारच्या दिवशीं दुपारपर्यंत आम्ही तेथेंच असतों. येतांना चालू सालचा सातबारा आणि फवारणीची वही, जशी असेल तशी, बरोबर आणावी.